सव्वीस भोकं आणि एक तडा

मित्रांनो, मी एक जुना, फुटका चेंडू आहे. 'फुटका' हा शब्द मी आधीच सांगून टाकतो. तो उच्चारायला मला सात वर्षं लागली, आणि त्या सात वर्षांत एका भल्या माणसाचं जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. आता माझी गोष्ट ऐकताना तुम्ही मला चांगला समजून बसाल आणि शेवटी फसल्यासारखं वाटून घ्याल, असं पुन्हा नको.

मी संत्र्याएवढा आहे, पण वजन अर्ध्या लिंबाचंही नसेल. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळट दिसतो. माझ्या अंगावर सव्वीस भोकं आहेत. ती जन्मापासूनची, त्यांची मला लाज नाही. वारा त्यांच्यातून आरपार जातो म्हणून मी सरळ उडतो. लाज आहे ती सत्ताविसाव्या गोष्टीची.

फ्लोअरबॉल नावाचा एक खेळ आहे. छपराखाली, गुळगुळीत जमिनीवर खेळतात. खेळाडूंच्या हातात हलक्या काठ्या असतात आणि काठीच्या टोकाला प्लास्टिकचं जाळीदार पातं. प्रत्येक बाजूला पाच जण धावतात आणि सहावा गोल राखतो. त्या गोलरक्षकाला काठी देत नाहीत. तो बिचारा गुडघ्यांवर बसतो, तोंडावर जाळीचा मुखवटा चढवतो आणि हात, छाती, पोट, जे हाताशी येईल ते पुढे करून आम्हाला अडवतो. त्याच्याजवळ भरवशाच्या दोनच गोष्टी असतात, डोळे आणि हात. हे नीट लक्षात ठेवा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन अर्धगोल वाट्या तापवून एकमेकींना चिकटवल्या आणि झालो मी. यंत्रातून बाहेर पडलो तो थेट एका बाईच्या ओंजळीत. चेंडू तपासायचं काम तिचं. ती प्रत्येकाला कानाजवळून खाली सोडायची आणि आवाज ऐकायची. चांगला चेंडू 'टण्' वाजतो, फुटका 'ठप्' वाजतो. तिच्या घरी नुकतं चालू लागलेलं बाळ होतं, आणि कामावर असली तरी तिचं अर्धं मन त्याच्याजवळ असायचं. त्या दिवशी ती शेजारच्या बाईला सांगत होती, "काल आमचं सोनुलं पलंगावरून पडलं आणि रडलंच नाही गं! माझे हातपाय गळाले. रडलं असतं तर निदान कळलं असतं, कुठे लागलंय."

"मग?"

"मग काय, मिनिटभराने त्याने असा भोंगा काढला की माझा जीव भांड्यात पडला."

बोलता बोलता तिने मला सोडलं. मी 'टण्' वाजलो. ती हसली आणि बाळाशी बोलावं तशी मला म्हणाली, "शहाणा आहेस. पण पुढे कधी फुटलास तर गप्प नको हं बसू. फुटलास तर फुटलास, बोंब मार."

तिचं सगळं शिक्षण एवढंच होतं. मला तेवढंही पाळता आलं नाही.

इतर जुन्या वस्तू आपल्या कामाच्या वर्षांबद्दल सांगतात. माझी सगळी कामाची वर्षं मिळून जेमतेम पाऊण तास भरेल. पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी आम्हा चेंडूंची एक पिशवी निघाली. पहिले सामने मी पिशवीच्या तळाशी बसून नुसते ऐकले. वर जमीन धडधडायची, ढोल वाजायचे, मधूनच शिट्टी. एखादा चेंडू फुटून परत यायचा, तेव्हा आम्हाला त्याचा हेवाच वाटायचा. त्याचं असं असे की खेळताना चेंडू फुटल्याचं ज्याच्या लक्षात येईल त्याने हात वर करायचा. मग तो कोणत्याही बाजूचा असो. पंच शिट्टी मारतो, फुटका चेंडू बाहेर जातो, नवा आत येतो आणि खेळ पुढे चालू. कुणी कुणाला रागावत नाही. या खेळातल्या लहान पोरांनाही काठी धरण्याआधी हे शिकवतात.

माझी पाळी आली ती तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात. दोन शेजारी देश, आणि दोघांनाही आजवर एकही पदक नव्हतं. एकीकडे होता डावऱ्या. डाव्या हाताने काठी चालवायचा म्हणून सगळे त्याला तेच म्हणायचे. दुसरीकडे गोल राखत होता गुडघ्या. जन्म गेला त्याचा गुडघ्यांवर, म्हणून हे नाव. गंमत अशी की वर्षभर हे दोघं एकाच गावच्या क्लबमधून खेळायचे. गुडघ्या कामाधंद्यासाठी सीमेच्या अलीकडे येऊन राहिला होता. सहा वर्षं ते एका बाकावर बसले, एका डब्यातलं जेवले. फक्त देशाचा शर्ट अंगात घातला की समोरासमोर उभे राहायचे.

सामन्याआधी मैदानात जायच्या बोळातच त्यांची गाठ पडली. पंचांच्या हातातल्या पिशवीतून मी ऐकत होतो.

"काय रे गुडघ्या, गुडघ्यांना तेलपाणी केलंस का?" डावऱ्याने विचारलं.

"केलंय. तू डोळे धुऊन ये. आज तुला जाळी दिसायची नाही."

"रविवारी माझ्याकडे जेवायला ये. हरेल त्याने भांडी घासायची."

"तुझ्या बायकोला सांग, साबण तुझ्यासाठी आणून ठेव म्हणावं," गुडघ्या म्हणाला आणि मुखवटा डोक्यावर सरकवून हसत निघून गेला.

ते त्या दोघांचं शेवटचं हसणं असेल असं मला कुठे ठाऊक होतं!

सामना चार-चार असा बरोबरीत सुटला. मग जादा वेळ सुरू झाला. त्यात जो पहिला गोल करेल तो जिंकतो, आणि खेळ तिथेच संपतो. तेव्हा मी मैदानात होतो. एकाने मला जिवाच्या आकांताने मारलं, आणि मी गोलच्या लोखंडी खांबावर आपटलो. माझ्या आत काहीतरी उसवलं. जिथे माझ्या दोन वाट्या जोडल्या होत्या तिथे, दोन भोकांच्या मधोमध, बोटभर तडा गेला.

मी 'ठप्' वाजलो. मित्रांनो, मी वाजलो. पण ढोल जोरात होते, लोक उभे राहून ओरडत होते. एरवी सरावात म्हणे गुडघ्या नुसता कान देऊन सांगायचा, "गेला रे हा, बदला." त्या दिवशी त्यालाही ऐकू आलं नाही. माझा आवाज ऐकला तो एकट्याने. मी घरंगळत डावऱ्याच्या पात्यापाशी गेलो होतो.

त्याने मला एकदा पुढे ढकललं, एकदा मागे ओढलं. फुटका चेंडू पात्यावर कसा लागतो हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं. त्याने खाली माझ्याकडे पाहिलं, आणि मी वर त्याच्याकडे. त्याचा उजवा हात काठीवरून सुटला, खांद्यापर्यंत आला. मला वाटलं, आता वर जाईल. आणि तेवढ्यात त्याला गोलचा उजवा कोपरा उघडा दिसला.

हात परत काठीवर आला. त्याने मला मारलं.

गुडघ्याने मला निघतानाच हेरलं होतं. त्याचा हात अगदी योग्य जागी गेला. मी सरळ आलो असतो तर त्याच्या तळव्यावर आपटून खाली पडलो असतो. पण तड्यातून वारा आत शिरला, मी हवेत थरथरलो आणि अचानक खाली कोसळलो. त्याच्या हाताखालून, काखेजवळून, जाळीत.

जाळीत पडताना मी तडा खाली घालून पडलो. आता तुम्ही म्हणाल, चेंडूला काय कळतं, पडला तसा पडला. मीही स्वतःला हेच पुष्कळदा सांगून पाहिलं. पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, की तडा कुणाला दिसत नाही. आणि ज्याला काही कळत नाही त्याला बरं कसं वाटेल?

डावऱ्याने धावत येऊन मला उचललं आणि मुठीत असं गच्च धरलं की तडा मिटून गेला. मग मला आपल्या लांब मोज्यात खुपसलं. त्याच्यावर सगळे तुटून पडले. त्या ढिगाखाली, त्याच्या पोटरीला चिकटून, मला त्याच्या नाडीचे ठोके ऐकू येत होते. आनंदी माणसाचे ठोके असे पडत नाहीत.

त्यानंतर बोळात गुडघ्या आला. मुखवटा हातात होता, केस घामाने चिकटलेले. तो रागावलेला नव्हता. तो गोंधळलेला होता.

"अरे, चेंडू वाकला," तो म्हणाला. "मी बघितलं ना. माझ्या हातावर येत होता आणि वाकला. तुझ्या काठीवर होता शेवटी. तुला काही वाटलं का रे?"

मी मोज्यात होतो. त्या दोघांच्या मध्ये हातभराचं अंतर. मला फक्त खाली पडायचं होतं. एवढंसं घरंगळलो असतो तरी पुरे होतं.

"नाही रे," डावऱ्या म्हणाला. "बरा होता चेंडू."

गुडघ्याने मान हलवली. "मग माझंच चुकलं असेल," असं म्हणून तो गेला.

संध्याकाळी हॉटेलच्या न्हाणीघरात नळ सोडून ठेवून डावऱ्याने मला गोंद लावला. काठीच्या मुठीची पट्टी चिकटवायला ठेवलेली पारदर्शक गोंदाची नळी होती त्याच्याकडे. भोकातून काडी घालून त्याने आतून तडा भरला आणि फुंकर मारत बसला. अशी फुंकर आई बाळाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर मारते. पण ती बाळाला बरं वाटावं म्हणून मारते. हा मारत होता तो माझं तोंड बंद व्हावं म्हणून. मग जेवणाच्या टेबलावर मला सगळ्या संघात फिरवलं. प्रत्येकाने माझ्यावर नाव लिहिलं. भोकं मध्ये येत होती, त्यामुळे एकाच्या नावाचं नाक गेलं, दुसऱ्याचं आडनाव अर्धंच राहिलं, सगळे हसत होते. कप्तानाची सही तर नेमकी तड्यावर आली. सुंदर, वळणदार सही होती.

इथून माझे कौतुकाचे दिवस सुरू झाले. डावऱ्याच्या घरी, जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, मला काचेची पेटी मिळाली. पाहुणे आले की आधी मला बघायचे. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. कौतुकाची चटक फार वाईट. पिशवीच्या तळाशी बसणारा मी, मला वाटू लागलं, गोल मीच केला.

डावऱ्या मात्र पेटी रोज पुसायचा. त्याची बायको हसायची, "त्या चेंडूला आंघोळ घालतोस तशी एकदा खिडक्यांना घाल की!" तिला काय माहीत, की पुसण्याच्या निमित्ताने तो माझी कप्तानाच्या सहीची, म्हणजे तड्याची बाजू भिंतीकडे वळवतो आणि मला कुणाच्या हातात देत नाही.

तो रविवार आला आणि गेला. गुडघ्या जेवायला आला नाही, कुणी त्याला बोलावलंही नाही. पुढचे काही रविवार फोन वाजायचा. डावऱ्या नाव बघायचा आणि वाजू द्यायचा. हळूहळू फोनही थांबला. मग एकदा क्लबचं सामान सांभाळणारा कोठीवाला घरी आला, चहा पीत त्याने बातमी सांगितली. गुडघ्याच्या देशात लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं होतं. तो म्हणाला, 'चेंडू वाकला', तर त्याचा प्रशिक्षकच सगळ्यांसमोर म्हणाला, 'नाचता येईना, अंगण वाकडं!' गुडघ्याने खेळ सोडला. क्लबही सोडला. बसने दोन तासांवरच्या गावात त्याच्या मोठ्या बहिणीचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे कामाला लागला.

"चष्म्याच्या दुकानात!" कोठीवाला खो-खो हसला. "योग्य जागी गेला. आधी स्वतःला एक लावून घे म्हणावं."

डावऱ्याही हसला. तोंडाने हसला. मी काचेतून त्याचे डोळे पाहिले आणि मला कारखान्यातल्या त्या बाईचं सोनुलं आठवलं. पडून गप्प राहिलेलं.

माझ्यानंतर वर्षाने त्या घरात चिमी जन्मली. तिच्या येण्याने माझं कौतुक मागे पडलं. पेटीच्या खाली तिची दुपटी वाळू लागली, पुढे खेळणी साठू लागली, पेटीवर धूळ बसली. मला राग नाही आला. मला सुटल्यासारखं वाटलं. तिचा बाबा तिला मांडीवर घेऊन बसला की क्वचित माझ्याकडे बघायचा, आणि चटकन नजर खाली घालायचा. ती मुलगी सहा वर्षांची झाली आणि क्लबातल्या छोट्यांच्या गटात जाऊ लागली. एव्हाना आतला गोंद पिवळा पडून ठिसूळ झाला होता.

एका दुपारी डावऱ्या आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होता. चिमीने स्टूल ओढलं, पेटीची कडी काढली आणि सात वर्षांनी मला कुणीतरी खेळायला घेतलं. काय सांगू तुम्हाला! फरशीवर घरंगळताना मी सगळं विसरलो. तिने मला बोळातून इकडून तिकडे पळवलं. मग एक फटका जोरात बसला आणि मी टेबलाच्या पायावर आपटलो.

'ठप्'.

चिमी थांबली. काठी खाली ठेवली. आणि बोळात एकटी, सरळ उभी राहून, तिने हात वर केला.

काही वेळ काहीच झालं नाही. मी जमिनीवर, ती हात वर करून. मग तिने हाक मारली, "बाबा! चेंडू फुटला. शिट्टी वाजव ना!"

डावऱ्या धावत आला. एक पायमोजा त्याच्या हातातच होता. त्याने मला पाहिलं आणि तो जागच्या जागी खिळला.

"माझ्याकडून नाही हं फुटला," चिमी घाईने म्हणाली. "आत आधीचाच गोंद आहे, बघ. कधी फुटला होता?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. सवय होती. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"त्या सामन्यात," तो म्हणाला.

"गोल झाल्यावर?"

"नाही. आधी."

चिमीने विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडली. "मग तू हात वर का नाही केलास?"

मित्रांनो, सात वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. आणि तो आला तेव्हा मला वाटलं, येऊ नये. त्या माणसाचा चेहरा मला बघवेना. तिच्या प्रश्नात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. एवढी सोपी गोष्ट बाबाला कशी जमली नाही?

"मला जिंकायचं होतं गं," तो म्हणाला.

"पण हात दुखतोय माझा," चिमी म्हणाली. तिने हात अजून खाली घेतला नव्हता. शिट्टी होईपर्यंत घ्यायचा नसतो, असं तिला शिकवलं होतं.

डावऱ्याने दोन बोटं ओठांत घातली आणि शिट्टी वाजवली. ती फुटली, अर्धी नुसतीच हवा निघाली. पण वाजली. चिमीने हात खाली घेतला.

दारात तिची आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने आरडाओरडा केला नाही. खाली पडलेला मोजा उचलला, त्याची जोडी लावली आणि म्हणाली, "लेकीला सांगून झालं. आता ज्याला सांगायला हवं त्याच्याकडे जा."

दुसऱ्या दिवशी डावऱ्याने मला जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि बस धरली. दोन तास डबा मांडीवर. वाटेत तो ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता. चांगली लांबलचक वाक्यं होती, 'त्या वेळची परिस्थिती' वगैरे.

दुकान लहानसं होतं. एका भिंतीवर रांगेने रिकामे चष्मे, जणू चेहरे घरी विसरून आलेले. आतल्या बाजूला अक्षरांचा तक्ता आणि समोर उंच खुर्ची. गुडघ्याची ताई एका आजोबांचे डोळे तपासत होती. "खालची ओळ वाचा. ओळखून नका सांगू, वाचून सांगा," असं दटावत होती. गुडघ्या खिडकीपाशी बसून इवल्याशा पेचकसाने चष्म्याच्या दांडीचा स्क्रू पिळत होता. जाड झाला होता थोडा. त्याने मान वर केली.

घोकलेली वाक्यं बसमध्येच राहिली असावीत. डावऱ्याने डबा उघडून मला टेबलावर ठेवलं. "दाब," एवढंच म्हणाला.

गुडघ्याने मला उचललं. सात वर्षांपूर्वी मी ज्या हाताला चुकवलं होतं तो हात. त्याने अंगठ्याने दाबलं आणि तडा उघडला.

"कधी?" त्याने विचारलं.

"खांबाला लागला तेव्हा."

"तुला कळलं होतं?"

"हो."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

गुडघ्याने अंगठा उचलला, तडा मिटला. बोलली ती ताई. आजोबांना तसंच खुर्चीत सोडून ती बाहेर आली. "दर सहा महिन्यांनी हा त्या खुर्चीत बसतो, माहीत आहे तुला?" तिने तक्त्यासमोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "म्हणतो, ताई, नीट बघ, तुझ्याकडून काहीतरी सुटतंय. चौदा वेळा तपासले मी याचे डोळे! चौदाही वेळा सांगितलं, बाबा रे, लख्ख आहेत. तर म्हणतो, डोळे चांगले आहेत ना, मग माझं डोकंच बिघडलं असेल. रस्ता ओलांडताना दोनदा थांबतो हा. जिना उतरताना कठडा धरतो. स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही माझ्या भावाचा. आणि तू? तू हा चेंडू काचेत ठेवला होतास!"

काचेत मी होतो. मिरवत मी होतो. मला वाटलं, सव्वीसच्या सव्वीस भोकं बुजून जावीत आणि आत लपून बसावं.

गुडघ्या उठून मागच्या खोलीत गेला. नळाचा आवाज आला, बराच वेळ आला. खुर्चीतले आजोबा हळूच म्हणाले, "मी नंतर येऊ का?" मग गुडघ्या तोंड पुसत परत आला आणि डावऱ्यासमोर उभा राहिला.

"वाकला होता ना?"

"वाकला होता."

"पुन्हा म्हण."

"चेंडू वाकला होता. तुझा हात बरोबर जागी होता." डावऱ्याने आपला हात पुढे करून ती जागा दाखवली. "अगदी बरोबर जागी होता."

गुडघ्याने डोळे मिटले आणि उघडले. मग समोरच्या तक्त्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिला.

त्यांनी मिठी वगैरे मारली नाही. गोष्टींत मारतात. गुडघ्या म्हणाला, "हे मला एकट्याला सांगून भागायचं नाही." डावऱ्या म्हणाला, "माहीत आहे." आणि त्याने ते केलं. स्पर्धेच्या लोकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की निकाल लागून गेला, तो आता बदलत नाही. क्लबच्या वार्षिक मेळाव्यात त्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. पहिल्या रांगेत कोठीवाला होता, तो या वेळी हसला नाही. कप्तानाने त्याच्याशी बोलणं टाकलं. "आमच्या सगळ्यांच्या पदकाला काळं फासलंस," म्हणाला. त्याचंही चूक नाही. एकाने लपवलेलं उघडं पडतं तेव्हा शिंतोडे सगळ्यांवर उडतात.

त्या दिवशी दुकानात मात्र एक झालं. ताईने, कितीही रागावली तरी, जेवणाच्या वेळी आलेल्याला उपाशी कसं पाठवायचं म्हणून ताट वाढलं. तिघंही जेवायला बसली. जेवण झाल्यावर डावऱ्या उठला, बाह्या सरसावल्या आणि न सांगता भांडी घासायला बसला. 'हरेल त्याने भांडी घासायची' असं ठरलं होतं. गुडघ्या दाराला टेकून बघत होता. शेवटी म्हणाला, "ते पातेलं राहिलं."

अजून ते पूर्वीसारखे बोलत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी डावऱ्या येतो, कधी चिमीला आणतो. गुडघ्या आता दर गुरुवारी गावातल्या हौशी खेळाडूंचा गोल राखायला जातो. देशासाठी खेळायचं वय सरलं. ती सात वर्षं त्याला कुणी परत देणार नाही. म्हणून माझं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. थोडं हललं, इतकंच.

मी परत काचेत गेलो नाही. ताईने मला अक्षरांच्या तक्त्याखाली एका फळीवर ठेवलंय, तडा पुढे करून. कप्तानाची सही त्या तड्याने मधोमध चिरली आहे. ज्या छोट्या मुलांना अक्षरं येत नाहीत, त्यांना ती खुर्चीत बसवते आणि विचारते, "त्या चेंडूकडे बघ बरं. काय दिसतंय?"

कुणी म्हणतं, भोकं. कुणी म्हणतं, नावं. आणि एखादं पोर पुढे वाकून, बोट दाखवून ओरडतं, "तो फुटलाय!"

"शाब्बास," ताई म्हणते. "डोळे उत्तम आहेत."

खिडकीपाशी बसलेला गुडघ्या तेव्हा पेचकस थांबवतो. मान वर करून तोही एकदा माझ्याकडे बघतो. त्याला इतक्या लांबूनही तडा दिसतो. रोज दिसतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही फुटणाऱ्या वस्तू असतील. त्यांना सांभाळा, पण फुटल्या तर त्यांचं तोंड गोंदाने बंद करू नका. आणि तुमच्या पात्याशी कधी माझ्यासारखा एखादा 'ठप्' वाजला, तर समोरचा कोपरा कितीही उघडा दिसो, हात वर करा. अर्ध्यावर आलेला हात पुरत नाही. मी तो खूप जवळून पाहिलाय.